बोल्टखालचे तीन ठसे

कॅनडातल्या विंडसरमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. लाइनवरून आलेला भाग हातात घ्यायचा, तो खराबच आहे असं धरून चालायचं आणि खोट सापडली नाही तरच पुढे सोडायचा, हे माझं काम. आधी नागपूरजवळ बुटीबोरीला हेच केलं, मग इथे. माझी बायको म्हणते, तू गेटवर कार्ड पंच करून बाहेर पडतोस, पण डोळे तेच घेऊन घरी येतोस. पूर्वी ती हे हसून म्हणायची.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय, त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला सहावा महिना लागला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आधी दोनदा दिवस राहिले होते. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं, दुसऱ्यांदा पाचव्या. त्यामुळे या खेपेला आम्ही दोघंही घरात जपून बोलत होतो. 'बाळ झाल्यावर' असं वाक्य एकाने सुरू केलं की दुसऱ्याने विषय बदलायचा, हे न ठरवताच ठरलं होतं. डॉक्टरबाई प्रत्येक वेळी सगळं उत्तम आहे म्हणायच्या आणि मी गाडीत बसल्यावर रिपोर्ट पुन्हा वाचायचो, त्यांच्या नजरेतून काही सुटलंय का ते बघायला.

एका रविवारी ती वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभी होती. त्या खोलीत आमच्या रिकाम्या सुटकेसी, एक बंद पडलेली व्यायामाची सायकल आणि न उघडलेले खोके पडलेले असायचे. खिडकीतून मागच्या अंगणातलं मेपलचं झाड दिसतं.

"ही खोली मला बाळासाठी लावायची आहे," ती म्हणाली. "नीट. सुंदर दिसेल अशी."

मी म्हटलं की आईला विचारू. माझी आई नागपूरला असते. व्हिडिओ कॉलवर तिने ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. बाळ घरात यायच्या आधी पाळणा आणत नसतात, कपडेसुद्धा कोणाचे तरी जुने घालतात, एवढी घाई कायले करता, असं ती म्हणाली. खरं तर मला तेच ऐकायचं होतं. मी फोन बायकोकडे वळवला. तिने आईचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागच्या दोन्ही वेळेस आपण काहीच आणलं नव्हतं. एक टोपडंसुद्धा नाही."

खोके मी त्याच दिवशी बेसमेंटमध्ये नेले.

तिच्या मनात खोलीचं चित्र तयार होतं. गुलाबी नको, निळा नको, भिंतीवर कार्टून नको. वाळलेल्या कढीपत्त्याला असतो तसा करडा हिरवा रंग, जाड लिननचे पडदे, खरं लाकूड. ती एका विमा कंपनीचं काम घरून करते. जेवणाच्या सुट्टीत ती रंगांचे नमुने भिंतीला चिकटवून बघायची. दुकानांतून आम्ही दोन शनिवार फिरलो. जे तिला आवडायचं त्यात मला काहीतरी दिसायचं. एका क्रिबचा, म्हणजे बाळाच्या गजांच्या पलंगाचा, सांधा हलत होता, दुसरीच्या पॉलिशला वास येत होता. तिसऱ्या दुकानात मी कपाटाच्या ड्रॉवरखाली हात घालून बघायला लागलो तेव्हा ती सरळ गाडीत जाऊन बसली.

मग तिला ती जाहिरात सापडली. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर कोणीतरी बाळाची संपूर्ण खोली देऊन टाकत होतं. अक्रोडाच्या लाकडाची क्रिब, त्याच लाकडाचं ड्रॉवरचं कपाट, झुलती खुर्ची, शिवलेले पडदे, आणि उडत्या बगळ्यांचं चित्र असलेल्या वॉलपेपरचे सहा बंद रोल. फोटो दिवसाच्या उजेडात काढलेले होते. खाली लिहिलं होतं, कधीही वापरलेलं नाही. पुढे दोन अटी होत्या. सगळं एकत्रच न्यायचं, सुटं मिळणार नाही. आणि खोली लावायला देणारी व्यक्ती स्वतः येईल. बदल्यात काहीही नको.

बायकोने फोन माझ्यासमोर धरला तेव्हा तिचे डोळे चमकत होते. माझ्या डोक्यात मात्र प्रश्नांची रांग लागली. एवढं महागाचं सामान कोणी फुकट का देईल? न वापरलेली बाळाची खोली कोणाकडे असते? आणि परक्या माणसाच्या घरात येऊन ती लावायची हौस कोणाला असते?

नदीकाठच्या जुन्या भागातल्या एका विटांच्या घरी आम्ही गेलो. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. गोऱ्या, उंच, पांढरे केस कापलेले, हातावर सुकलेल्या रंगाचे ठिपके. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्याचं त्यांनी सांगितलं. घरात आणखी कोणी दिसलं नाही. सामान जुन्या चादरींत गुंडाळून पुढच्या खोलीत मांडून ठेवलं होतं, जणू नेणारे आजच येणार याची त्यांना खात्री होती. मी विचारलं, कोणासाठी घेतलं होतं? त्या म्हणाल्या, "एका बाळासाठी." आणि पुढचं वाक्य बोलायच्या ऐवजी त्यांनी बायकोला खुर्ची पुढे केली.

मी क्रिबचे भाग गाडीत चढवत होतो तेवढा वेळ त्या दोघी आत बसल्या होत्या. अर्धा तास तरी झाला असेल. मी आत गेलो तर बायकोचं नाक लाल झालेलं होतं. काय झालं, असं विचारलं तर म्हणाली, काही नाही, चादरींची धूळ. चादरी धुतलेल्या होत्या. त्यांना साबणाचा वास येत होता.

घरी आल्यावर क्रिबचे भाग मी गराजमध्ये पसरले आणि तपासायला बसलो. मॉडेल नंबर शोधून सदोष म्हणून परत मागवलेल्या वस्तूंच्या सरकारी यादीत बघितला, नव्हता. गजांमधलं अंतर मोजलं, बरोबर होतं. लाकडाला कीड नव्हती, रंगाला वास नव्हता. मग मी बोल्ट हातात घेतले. ज्या खाचेत आवळायची चावी बसते तिच्या कडा झिजलेल्या होत्या. एकदाही न जोडलेल्या क्रिबच्या बोल्टच्या कडा झिजत नाहीत. मी टॉर्च घेऊन लाकडावरची भोकं बघितली. बोल्ट घट्ट आवळला की त्याखालची चकती लाकडावर गोल ठसा सोडते. पुन्हा जोडली की ठसा तंतोतंत त्याच जागी बसत नाही, केसभर सरकतो. प्रत्येक भोकाभोवती असे एकात एक अडकलेले तीन गोल ठसे होते.

मग मी गादी बघितली. प्लास्टिकचं वेष्टन एका बाजूने सरळ कापलेलं आणि वरून पारदर्शक टेपने पुन्हा चिकटवलेलं होतं.

म्हणजे बाई खोटं बोलत होत्या. ही क्रिब तीनदा उभी राहिली होती, गादी बाहेर निघाली होती. तिच्यात कोणीतरी झोपलं होतं, आणि ते कोणीतरी आता त्या घरात नव्हतं. बायकोला मी काही सांगितलं नाही. सातवा महिना होता. बोल्ट एका डब्यात भरून मी माझ्या हत्यारांच्या कपाटात ठेवले आणि तिला सांगितलं की दोन-तीन बदलावे लागतील, क्रिब शेवटी जोडू.

बाई दर शनिवारी यायला लागल्या. सोबत लांब टेबल, बादली, ब्रश आणि ओळंबा. कामात चोख होत्या, हे मान्य करावं लागेल. पहिल्या शनिवारी त्यांनी भिंती घासल्या, दुसऱ्या शनिवारी रंग दिला. तिसऱ्यापासून एका भिंतीवर बगळे चढायला लागले. एका पट्टीवरच्या बगळ्याचा अर्धा पंख दुसऱ्या पट्टीवरच्या अर्ध्या पंखाला असा जुळायचा की मला, माझ्या नजरेलाही, जोड सापडायचा नाही. बायको खुर्चीत बसून सूचना द्यायची, दोघी हळू आवाजात बोलायच्या. मी दारात गेलो की बोलणं थांबायचं नाही, पण बदलायचं. पडद्यांबद्दल व्हायचं.

मीही काही ना काही कारण काढून तिथेच घुटमळायचो. बाई काम संपवून निघायच्या आधी खोलीच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि एकेका कोपऱ्याकडे बघायच्या. एकदा त्यांनी फोनवर फोटो काढले. कशाला, असं मी विचारलं. "स्वतःसाठी," त्या म्हणाल्या. मला ते उत्तर आवडलं नाही. ज्यांचं बाळ गेलंय अशी माणसं दुसऱ्याच्या बाळाभोवती घोटाळतात, अशा बातम्या मी वाचल्या होत्या. आता मी त्या शोधून वाचायला लागलो.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मी शिफ्ट संपवून आलो. आमच्या शेजारी एक निवृत्त पंजाबी काका राहतात. गराजचं दार उघडं टाकून आत खुर्चीवर बसून ते अख्खी गल्ली बघत असतात. मी गाडीतून उतरलो तर म्हणाले, "आज वो मैडम आई थीं, हरी गाड़ीवाली. बहू को साथ लेकर गईं. सब ठीक?"

मी म्हटलं, हां जी, सब ठीक. आत गेलो. बायको सोफ्यावर पडून होती. मी विचारलं, "आज कुठे बाहेर गेली होतीस?"

"नाही," ती म्हणाली. "दिवसभर मीटिंगा होत्या."

सकाळपासून पाऊस होता. दाराजवळच्या रॅकवर तिचे बूट होते. मी वाकून बघितलं, तळ ओले होते.

अकरा वर्षांत तिने माझ्याशी उघड खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून आटेपर्यंत तसाच उभा होतो. विचारावं, तर ती आणखी एक खोटं बोलेल आणि ते मला ऐकवणार नाही. न विचारावं, तर डोक्यात जे चाललं होतं ते थांबणार नव्हतं. बाई तिला कुठे नेत होत्या? काय सांगत होत्या? काही खायला घालत होत्या का?

गुरुवारी मी दाराला कॅमेरा बसवला. बायकोला सांगितलं, हल्ली पार्सलं चोरीला जातात. मी स्टुलावर उभा होतो आणि ती खालून माझ्याकडे बघत होती.

आमच्या कारखान्यात काम करताना फोन जवळ ठेवता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी लॉकर उघडला आणि तिथेच उभ्या-उभ्या कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं. सव्वादहाला हिरवी गाडी आली होती. बाई हातात झाकण लावलेलं भांडं घेऊन पायऱ्या चढल्या. दार उघडलं. बायकोने भांडं घेतलं, खाली ठेवलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि बराच वेळ फिरवत राहिल्या. चित्राला आवाज नव्हता.

मी ते तीनदा बघितलं. माझ्यासमोर ती त्या सात महिन्यांत एकदाही रडली नव्हती. शेजारच्या लॉकरवाल्याने विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? मी फोन आत टाकला आणि डबा न खाता लाइनवर परत गेलो. त्या दुपारी मी एकामागून एक तीन ट्रे नापास केले. सुपरवायझरने ते पुन्हा तपासायला लावले तेव्हा दोन बरोबर निघाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाई शेवटची पट्टी लावायला आल्या. बायको खाली स्वयंपाकघरात होती. मी हत्यारांच्या कपाटातून डबा काढला, वर गेलो आणि त्यांच्या लांब टेबलावर बोल्ट ओतले. एकेक सरळ करून मांडला, जसा कारखान्यात पुरवठादाराच्या माणसासमोर मांडतो.

"तुम्ही लिहिलं होतं, कधीही वापरलेलं नाही," मी म्हणालो. "ही क्रिब तीन वेळा जोडलेली आहे. गादीचं प्लास्टिक कापून परत चिकटवलंय. मला खरं सांगा. त्या बाळाला काय झालं?"

बाईंनी ब्रश बादलीच्या कडेवर ठेवला. एक बोल्ट उचलला, चष्मा वर सरकवून त्याची खाच बघितली.

"तीन वेळा," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे. तुमच्याआधी कोणी मोजलं नव्हतं."

मग त्या त्याच झुलत्या खुर्चीत बसल्या, जी त्यांनी माझ्या बायकोला दिली होती, आणि त्यांनी सांगितलं. त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला मूल झालं नाही, म्हणून त्यांनी दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं. काही वर्षं गेली. एक दिवस फोन आला, एक मुलगा आहे, दहा दिवसांत घेऊन जा. त्यांनी क्रिब जोडली, गादी बाहेर काढली, पडदे शिवले. आठव्या दिवशी मुलाच्या आईने विचार बदलला. आईला तो हक्क होता, त्या म्हणाल्या, आणि असायलाच हवा. नवऱ्याने क्रिब उघडून चादरीत गुंडाळली. दीड वर्षाने दुसरा फोन आला, मुलगी. पुन्हा खोली लावली. मुलीची मावशी कुठूनशी पुढे आली आणि तिला घेऊन गेली. तिसऱ्या वेळी खोली अकरा आठवडे तयार होती. ते बाळ का आलं नाही, हे त्यांना कोणी कळवलं नाही. त्यानंतर त्यांनी नाव काढून घेतलं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. बगळ्यांचा कागद तिसऱ्या खेपेसाठी आणला होता. तो भिंतीला लावायचा धीर तेव्हा झाला नव्हता.

"तिच्यात कोणी झोपलं नाही," त्या म्हणाल्या. "मी खोटं लिहिलं नव्हतं."

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. समोर माझेच मांडलेले बोल्ट होते आणि ते गोळा करावेत की तसेच राहू द्यावेत, हे मला कळत नव्हतं. मी बघितलेलं सगळं बरोबर होतं. झीज, ठसे, टेप. त्यातून मी जे काढलं ते साफ चुकलं होतं. मी माफी मागितली असावी, नक्की शब्द आठवत नाहीत. मला लक्षात आहे ते एवढंच, की त्या म्हणाल्या, "तुमच्या बायकोला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"आणि मंगळवारी?" मी विचारलं. तेव्हाही मला गप्प बसता आलं नाही. "मंगळवारी तुम्ही तिला कुठे नेलं होतं?"

बाईंनी नजर खिडकीकडे वळवली. "ते तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. "पण जरा जपून विचारा."

मी खाली गेलो. बायको ओट्याशी पोहे परतत होती. बाईंना तिच्या हातचे पोहे आवडायला लागले होते. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गॅस बंद केला.

मंगळवारी सकाळपासून बाळाची हालचाल जाणवत नव्हती, ती म्हणाली. तिने गार पाणी पिऊन बघितलं, डाव्या कुशीवर पडून बघितलं, दोन तास वाट बघितली. मला फोन लावायला घेतला, पण माझा फोन शिफ्टभर लॉकरमध्ये असतो हे तिला आठवलं. मग तिने बाईंना फोन केला आणि त्या दहा मिनिटांत आल्या. हॉस्पिटलमध्ये पोटाला पट्टा बांधला, ठोके ऐकू आले. बाळ झोपलेलं होतं. चार तास बसवून ठेवलं आणि घरी सोडलं.

"कारखान्याच्या ऑफिसात का नाही फोन केलास?" मी विचारलं. "मला लाइनवरून बोलावलं असतं. मागच्या वेळी केला होतास ना?"

"मागच्या वेळी केला होता," ती म्हणाली. "तू आलास. मी बेडवर होते. तू आत आलास आणि पहिलं काय विचारलंस, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. मी प्रामाणिकपणे सांगतो, अजिबात आठवत नव्हतं.

"तू विचारलंस, काल तू काय उचललं होतंस."

ती रागावलेली नव्हती. ती ओट्याला टेकून उभी होती, एक हात पोटाखाली. त्यानंतर महिनाभर मी एकेक दिवस आठवायला लावला होता, ती म्हणाली. काय खाल्लं, जिना किती वेळा चढला-उतरला, गोळी किती वाजता घेतली. मला वाटायचं की कारण सापडलं तर पुढच्या वेळी टाळता येईल. तिला वाटायचं की मी खोट शोधतोय आणि ती खोट म्हणजे ती स्वतः. या खेपेला काही वाईट झालं तर ते सगळ्यांत आधी मला कळू नये, असं तिने पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं.

"त्या दिवशी त्यांच्या घरी तू सामान चढवत होतास," ती म्हणाली, "तेव्हा त्यांनी त्यांचं सांगितलं आणि मी आपलं सांगितलं. दोन्ही वेळचं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही."

मी खुर्ची ओढून बसलो. बाहेर पंजाबी काका पानं गोळा करत होते, त्यांच्या दाताळ्याचा खरखर आवाज येत होता. मला तिला सांगायचं होतं की मी तुला कधीच दोष दिला नव्हता. पण ती दोन वर्षं मनातल्या मनात ज्या प्रश्नांची उत्तरं देत आली ते प्रश्न माझेच होते, आणि आता नुसतं नाही म्हणून ते पुसले जाणार नव्हते. मी एवढंच म्हटलं, "मला आठवत नव्हतं. ते जास्त वाईट आहे."

"हो," ती म्हणाली. तिने पुन्हा गॅस लावला. "आणि तो कॅमेरा काढ."

मी काढला. मग पोह्यांच्या दोन बशा घेऊन वर गेलो. बाईंनी शेवटची पट्टी लावून घेतली होती आणि ओल्या फडक्याने कडा पुसत होत्या. बोल्ट त्यांनी गोळा करून वाटीत ठेवले होते. आम्ही दोघांनी मिळून क्रिब जोडली. त्या गज धरून उभ्या राहिल्या, मी जमिनीवर बसून आवळत गेलो. कोणता भाग आधी, कोणता नंतर, हे त्यांना पाठ होतं. मला सूचनांचा कागद उघडावाच लागला नाही. मध्येच एकदा त्या म्हणाल्या की त्यांचा नवरा हा खालचा बोल्ट बसवताना नेहमी शिवी द्यायचा. तो बोल्ट खरोखरच अवघड जागी होता.

यानंतर मी एकदम दुसरा माणूस झालो, असं म्हणालो तर बायको हसेल. मी ऑफिसात सांगून ठेवलं की घरून फोन आला तर मला ताबडतोब लाइनवरून बोलवा. संध्याकाळी घरी आल्यावर काय झालं, का झालं असं न विचारता बसायचं, एवढं मी शिकायचा प्रयत्न केला. पहिले काही दिवस आम्ही दोघं शेजारी बसायचो आणि मला बोलायला काही सापडायचंच नाही. माझं बहुतेक सगळं बोलणं प्रश्नांचं होतं, हे तेव्हा कळलं. ती ते बघत असायची. एका संध्याकाळी तिने आपणहून माझा हात घेऊन पोटावर ठेवला आणि आतून जोरात लाथ बसली.

डिसेंबरात, दिवस भरायला आठ दिवस असताना, सकाळी ड्राइव्हवेमध्ये गुडघाभर बर्फ होता आणि मी शोव्हल करत होतो. तिने दारातून हाक मारली. आवाजात घाई नव्हती. या वेळी पहिली हाक मला होती, हे मला गाडी चालू केल्यावर लक्षात आलं. काकांनी त्यांच्या मशीनने उरलेला बर्फ उडवून वाट करून दिली. संध्याकाळी मुलगी झाली, तीन किलोला थोडी कमी, आणि रडणं असं की नर्सने कान झाकून दाखवले. नागपूरला आईला फोनवर बाळ दाखवलं तेव्हा ती नुसती पदराने डोळे पुसत राहिली, आणि मग विचारलं, पाळणा कसा आहे, दाखव.

आता मुलगी दीड वर्षाची आहे. बाई आठवड्यातून दोनदा येतात आणि तिच्यासोबत जमिनीवर बसून चित्रं काढतात. अर्धी चित्रं फरशीवर असतात. गेल्या महिन्यात बायकोने ऑफिसात जायला सुरुवात केली, म्हणून मुलीला डेकेअरमध्ये घालायचं ठरलं. फॉर्म मी भरत होतो. आईवडिलांखेरीज मुलीला कोण घेऊन जाऊ शकेल, अशी तिथे एक ओळ होती आणि पुढे नातं लिहायला जागा. बाईंचं नाव मी लिहिलं. नात्याच्या जागेवर पेन अडलं. बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मावशी लिही. तिथे आंट चालेल."

मी आंट लिहिलं आणि बाईंना फोन करून सांगितलं. पहिल्यांदा मुलीला आणायला जाताना फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं, हेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, पासपोर्ट चालेल का, की लायसन्स आणू?

त्या सोमवारी त्या दोन्ही घेऊन गेल्या. डेकेअरच्या बाईंनी नंतर मला सांगितलं, सुट्टी साडेतीनला होती आणि तुमच्या आंट अडीचपासून बाहेर गाडीत बसल्या होत्या.